पाचटाला न वाजणारं जाकीट

शिकारीचं जाकीट आहे का म्हणून विचारत कुणी पोरगा दुकानाची पायरी चढला की माझं डोकं उठतं. मोबाइलवर पाहून आलेला असतो. हिरव्या-तपकिरी पानांची नक्षी हवी, दहा-बारा खिसे हवेत, पाठीवर काहीतरी इंग्रजी लिहिलेलं हवं. शिकार कशाची करणार रे बाबा, बंदी आहे शिकारीला, असं म्हटलं की लाजतो. त्याला फोटो काढायचा असतो. मी जाकीट काढून देते. तो गेला की आमचे शिंपी जमीलभाई मशीनवरची मान न उचलता म्हणतात, "आबा असते तर ह्याला आधी पाचट आणायला पाठवलं असतं."

आबा म्हणजे कळसचे किसनआबा. कळस माझं माहेर. लग्न होऊन मी जळोचीला आले, आणि बारामतीत आमचं दुकान, रेनकोट, स्वेटर, शाळेचे गणवेश, लग्नसराईत बस्त्याच्या साड्याही. माहेरचा माणूस दुकानात आला की बाकीची गिऱ्हाइकं बाजूला ठेवायची असा माझा रिवाज. एकट्या आबांच्या बाबतीत मात्र मला तो मोडावासा वाटायचा. हा माणूस एका जाकिटासाठी माझी अख्खी सकाळ खायचा.

वनखात्यात मजूर म्हणून त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावरही उसात रानडुक्कर शिरलं, कुणाला फाडलं, की लोक आधी आबांना बोलवायचे आणि मग अर्ज करायचे. पीक राखायच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती त्यांच्याकडे. पण खात्याचा परवानगीचा कागद हातात पडल्याशिवाय ती खुंटीवरून निघायची नाही. कागद आला तरी गाभण मादी दिसली की माघारी यायचे. लोक चिडायचे. आबा म्हणायचे, "कागद माणसानं लिवलाय. पोटातली पिल्लं कुटं कागदात हायत?"

उंचीनं बेताचे, अंगानं काटक. बोलणं हळू. आणि नाक? त्यांच्या नाकाचा आम्ही लहानपणी धसकाच घेतला होता. त्यांच्या दारात मोगऱ्याचं मोठं झाड होतं. उन्हाळ्यात आम्ही पोरी दुपारी कळ्या चोरायचो. संध्याकाळी आबा पारावर आम्हाला ओळीनं उभं करायचे, एकेकीचे तळवे हुंगायचे आणि बरोबर चोर काढायचे. मी एकदा शेणानं हात माखून गेले होते. त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "शेणाखाली मोगरा हाय." सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. नंतर आबांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मला ओंजळभर कळ्या दिल्या, ती गोष्ट वेगळी.

तर ते जाकीट. दहा-बारा वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते. आबा दुकानात आले, पिशवीतून उसाचं वाळलेलं पाचट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. नुकतीच झाडलेली काच. मी म्हटलं, "आबा, हे काय? बैल बांधू का इथं?"

"जाकिटं काढ गं मंगल. किती परकारची हायत ती समदी."

मी भारीतलं पहिलं काढलं. पॅराशूटच्या कापडाचं, पावसात आत थेंब जाणार नाही असं. आबांनी पाचट बाहीवर घासलं आणि कान जवळ नेला. फर्रर्र. जाकीट बाजूला. दुसरं काढलं, फर्रर्र, बाजूला. तिसऱ्याला आवाज कमी होता, तर त्याची चेन वर-खाली करून म्हणाले, "ही घुबडावानी वराडती." चौथ्याला चेन नव्हती, चिकटपट्टी होती. ती त्यांनी उघडली मात्र, आणि स्वतःच दचकले. टोपीवाली सगळी नापास, का तर टोपीत कान बुजतात. पाचव्या-सहाव्याला मी तोंड वाजवायला लागले. म्हटलं, "आबा, डुक्कर काय तुमचं जाकीट बघायला येणार आहे का?"

ते शांतपणे म्हणाले, "बगायला न्हाय, ऐकायला येतंय. आन त्याच्या आदी वास घ्यायला." मग काउंटरला टेकून त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मुलीला समजवावं तसं. पहाटेच्याला उसात शिरलं की दवानं माणूस पाच मिनिटांत निथळतो. रात्री पाणी दिलेलं असलं तर पोटरीपर्यंत चिखल. गारठ्यानं हात आखडले की चाप ओढता येत नाही. दहा वाजले की त्याच उसात वारा शिरत नाही, भट्टी होते. मधेच अवकाळी एखादी सर येते. आणि उसाचं पान दिवसभर कापतच असतं. "म्हंजे बग, भिजलं न्हाय पायजे, उकाडलं न्हाय पायजे, फाटलं न्हाय पायजे, आन वाजलं तर अजाबात न्हाय पायजे. हाय असं?"

नव्हतं. कुठल्याच कंपनीचं नव्हतं. मी तसं कबूल केलं, कारण अकरा जाकिटं उघडून झाली होती.

तेव्हा जमीलभाई मशीन थांबवून उठले. त्यांचे वडील ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवायचे. घरी एक जुनी सुती ताडपत्री होती, उन्हापावसानं मऊ झालेली. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी आणली. पाचट घासलं तर आवाज नाही. आबांनी तांब्याभर पाणी त्यावर ओतलं, पाणी झिरपलं. मग मेण पातळ करून चोळलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, पुन्हा पाणी ओतलं, घरंगळून गेलं. माझ्या फरशीवर. आतून घोंगडीचं अस्तर, पण शिवून टाकायचं नाही, गुंड्यांनी लावायचं, म्हणजे ऊन चढलं की काढून कमरेला बांधता येतं. गुंड्या आबांनी स्वतः बाभळीच्या तासल्या. धातूच्या नकोत, बंदुकीला लागून वाजतात. कोपराला दुहेरी कापड. खिसे दोनच, तेही आतून, पान अडकायला नको म्हणून.

शिवून झाल्यावर मी इस्त्री करायला घेतलं तर आबांनी हातातून ओढून घेतलं. गोठ्यात आढ्याला आठ दिवस टांगणार म्हणाले. "गुरांचा वास समद्या शिवारात असतोय. डुकराला त्याचं काय वाटत न्हाय. साबणाचा वास निस्ता माणसाला असतोय." आणि मग बोट वर करून, "साधं डुकर माणसाच्या वासानं पळतं. जखमी डुकर वासावर येतं. ह्ये धेनात ठिव." मी काय डुकरं मारायला जाणार होते? पण ठेवलं ध्यानात.

त्या दिवसापासून ते जाकीट कधी साबणाला लागलं नाही. आबा दोन-तीन महिन्यांनी बारामतीला यायचे, गुंडी लावायची असो नसो, दुकानात चक्कर असायची. आले की दारातच थांबून नाक वर करायचे. एकदा म्हणाले, "मंगल, माळ्यावर उंदीर मेलाय." आम्हाला कुणाला काही येत नव्हतं. मी म्हटलं, आबा, उगाच काहीतरी. तिसऱ्या दिवशी गणवेशाच्या गठ्ठ्यामागं सापडला. त्यांचं एक ठरलेलं होतं, "डोळा फसतोय, कान चुकतोय, नाक खोटं बोलत न्हाय."

मग ती मोठी साथ आली. आबा पंधरा दिवस दवाखान्यात होते. काकू त्याच साथीत गेल्या. आबा घरी आले ते निम्मे होऊन. वर्षभर दुकानात आले नाहीत, आणि आले तेव्हा दारात थांबले नाहीत, सरळ आत येऊन बसले. मला वाटलं, दुःख आहे, वय आहे. मी चहा केला. दूध जरा लागलेलं होतं, मला एका घोटातच कळलं आणि मी कप ठेवला. आबांनी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन "झाक झाला" म्हणून सांगितलं. माहेरच्या माणसाचा मोठेपणा, असं मी जमीलभाईंना म्हटल्याचंही मला आठवतं.

आणि तेव्हापासून त्यांनी एक नवीन चाळा सुरू केला. जाकीट माझ्यापुढं धरायचे. "वास घे गं. काय येतोय का बग." मी म्हणायचे, "गुरांचा येतोय, आणि तुमचा." ते मान हलवायचे. मला वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. लहानपणी तळवे हुंगायचे, आता मला हुंगायला लावतायत, असं वाटून मजाही वाटायची.

गेल्याच्या गेल्या थंडीत आबा जाकीट घेऊन आले. डावं कोपर फाटलं होतं. सणसरला ऊसतोड चालू होती, तिथल्या फडात एका जखमी डुकरानं तोडकरी बाईची मांडी फाडली होती. टोळीनं कोयते खाली ठेवले होते. परवानगीचा कागद निघाला होता, परवा सकाळी जायचं होतं. "उद्या दुपारी नेतो," म्हणाले आणि गेले.

आता माझी चूक सांगते. आमच्या दुकानाचा सासूबाईंपासूनचा रिवाज आहे, दुरुस्तीला आलेला कपडा धुऊन, इस्त्री करूनच परत द्यायचा. गिऱ्हाइकाचा घाम गिऱ्हाइकाला परत द्यायचा नाही, असं त्या म्हणायच्या. आबांच्या जाकिटाला मी दहा वर्षं सूट दिली होती. पण त्या दिवशी दुकानात लग्नाचा बस्ता आलेला, आणि त्या जाकिटाचा असा काही दर्प सुटला होता की नवरीच्या आत्यानं पदर नाकाला लावला. माझा पारा चढला. म्हटलं, एकदा धुतलं तर डुक्कर काय पेपरात छापून आणणार आहे? घरी नेलं, गरम पाण्यात भिजवलं, पावडर टाकली, वर ते मोगऱ्याच्या वासाचं पातळ औषध टाकतात तेही टाकलं, दोन झाकणं. सकाळी वाळलं नव्हतं म्हणून इस्त्रीनं वाळवलं. जमीलभाईंनी कोपराला ठिगळ लावलं आणि म्हणाले, "भाभी, आज तुमचं काही खरं नाही."

मी भांडणाची तयारी करून बसले होते. उत्तरं पाठ केली होती. आबा आले. मी जाकीट पुढं केलं. त्यांनी नेहमीसारखं नाकाशी नेलं, ठिगळावर बोट फिरवलं, आणि माझ्यापुढं धरलं. "वास घे गं. काय येतोय का?"

सगळं दुकान घमघमत होतं. मला वाटलं, हे माझी गंमत करतायत. कबूल करून घ्यायचंय. मी पण कमी नाही, म्हटलं बघू कोण आधी हसतंय. मी हुंगलं आणि म्हणाले, "काही नाही."

"बरं हाय," म्हणाले, जाकीट पिशवीत घातलं आणि एसटी गाठायला गेले. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होते. जमीलभाई म्हणाले, "आबा काल बोलले कसे नाहीत? माझ्या घरच्यांना माझ्या अंगाला वास आला, विचारलं कुठं गेला होतात म्हणून." मी उदबत्ती हातात धरून उभी राहिले. लागलेल्या दुधाचा चहा आठवला. दारात न थांबणं आठवलं. वास घे गं, वास घे गं. साथीत किती जणांचे वास गेले होते, बहुतेकांचे आले परत. आबांचा आला नव्हता. तीन वर्षं हा माणूस माझ्या नाकानं उसात शिरत होता, आणि काल मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं होतं.

फोन लावला. बंद. उसात जाताना ते फोन बंदच ठेवायचे. मी स्कूटी काढली. हेल्मेटही घेतलं नाही. सणसरपर्यंतची अर्ध्या तासाची वाट, आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणं. हॉर्न वाजवून माझा अंगठा दुखला. तो काही बाजूला होईना. मी खाली कच्च्यात उतरले, पडता पडता वाचले, ट्रॅक्टरवाल्याला तोंडाला आली ती शिवी दिली आणि पुढं गेले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, जखमी डुकर वासावर येतं.

फडाशी पोचले तेव्हा बांधावर पंधरा-वीस माणसं गप्प उभी होती. सगळा ऊस तुटून मधे खोलीभर रुंदीचा आणि लांबच लांब पट्टा उरला होता. डुक्कर त्यात होतं. वनरक्षक मॅडम हातात कागद घेऊन उभ्या. आबांबरोबर आत जायला सणसरची दोन पोरं तयार होती, हातात नुसत्या काठ्या. आबा सर्वांत वरची गुंडी लावत होते. वारा त्यांच्या पाठीकडून उसाकडं वाहत होता, आणि ते माझ्या 'काही नाही'च्या भरवशावर निघाले होते.

मी धावत गेले. तोंडातून काय निघावं? एवढ्या माणसांत, तुम्हाला वास येत नाही हे कसं म्हणू? म्हणाले, "आबा, ते जाकीट काढा. माझी चूक झाली. दुसऱ्याचं दिलं तुम्हाला."

आबांनी गुंडीवर बोट ठेवलं. "ह्या गुंड्या म्या तासल्यात, मंगल." मग माझ्याकडं बघत राहिले. माझा चेहरा लपत नाही, तो माझा दोष आहे. त्यांनी आवाज उतरवला. "धुतलंस?"

"हो."

"काल इचारलं तवा?"

"खोटं बोलले. मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

एका पोराला खुणेनं जवळ बोलावलं, बाही त्याच्या नाकाशी धरली. पोरगं हसलं. "आबा, लई भारी वास येतोय. वरातीला निघाल्यावानी." बांधावरची दोन-चार माणसंही हसली. मग मॅडमच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, "पण आबा, तुम्हाला नाही आला?"

हसणं थांबलं. सगळे आबांकडं बघायला लागले. मी मधेच म्हणाले, "त्यांना सर्दी झालीय. काल दुकानात आले तेव्हापासून शिंकतायत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. कौतुक होतं त्या बघण्यात, हे मी आजही शपथेवर सांगीन. मग पोरांच्या हातातल्या काठ्यांकडं पाहिलं. बंदूक उघडली, काडतूस काढून मॅडमच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "सर्दी न्हाय, मॅडम. माजं नाक गेलंय. साथीत गेलं ते आलंच न्हाय. हिनं खोटं बोलून माजी अब्रू राकली, पर आत ही पोरं माज्या मागनं येनार हुती. त्या डुकराला माजी अब्रू कळनार हाय का?"

कुणीतरी मागून बोललं, "म्हंजे म्हातारं तीन वर्सं आंधळंच चाललं हुतं." आबांनी ऐकलं. वळून म्हणाले, "व्हय." आणि जाकीट काढायला लागले. गार वारा होता, आत साधी बंडी होती. मी शाल काढून त्यांना दिली, ती त्यांनी मुकाट्यानं घेतली. एरवी घेतली नसती.

मॅडमनी फोन करून इंदापूरकडचा दुसरा परवानावाला बोलावला. तो येईपर्यंत दोन तास गेले. आबा तेवढा वेळ बांधावर बसून होते, लोकांकडं पाठ करून. तो आल्यावर उठले, त्याच्या जाकिटावर पाचट घासून पाहिलं, मान हलवली. वाजणारंच होतं. तेही काढायला लावलं. पट्ट्याच्या वाऱ्याकडच्या तोंडाशी, पण बाजूला, पाटाच्या कडेला, वास उसाकडं जाणार नाही अशी बसायची जागा बोटानं दाखवली. आबा सकाळी त्याच तोंडानं आत शिरणार होते. आता ह्याच तोंडाला त्यांनी धुतलेलं जाकीट काठीवर टांगलं आणि सगळ्यांना लांब केलं. अर्ध्या तासानं ऊस हलला. डुक्कर त्या जाकिटाच्या रोखानं निघालं, सरळ, एकदाही न थांबता. पट्ट्याच्या तोंडाशी आलं तेव्हा बाजूनं गोळी लागली. काठीपासून चार हातांवर पडलं. सुळे बघून दोन्ही पोरं खाली बसली. एकाला पाणी पाजावं लागलं. मी त्या काठीकडं बघितलं आणि मला रडू फुटलं, ते आवरेचना.

"गप गं," आबा म्हणाले. "आलीस की येळंवर."

त्यांना स्कूटीवर मागं बसवून मी कळसला नेलं. वाटेत त्यांनी जाकीट घडी करून मांडीवर धरलं होतं. त्यानंतर आबांना कुणी बोलावलं नाही आणि ते बारामतीला आले नाहीत. पुढच्याच थंडीत झोपेत गेले. मला निरोप उशिरा कळला, माती मिळाली नाही. त्यामुळं माझ्यासाठी आबा शेवटचे आहेत ते त्या दुपारचेच.

घराच्या वळणावर ते उतरले. बंदूक खांद्याला अडकवली. जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"मंगल, वास कसला हाय गं ह्याला?"

"मोगऱ्याचा," मी म्हणाले.

"आपल्या दारातला हुता तसा?"

"तसाच."

त्यांनी जाकीट तोंडाशी नेलं आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मी वाट बघत राहिले.

"असंल," म्हणाले. मग माझी शाल मला परत दिली, ते जाकीट अंगात घातलं, खालपासून वरपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या आणि तसल्या दुपारच्या उन्हात घराकडं चालू लागले.